हाताखालच्या मावश्या

"डावीकडून जरा वर घे. माझ्या नातीच्या कपाळावरून वायर जातेय."

छायाबाई पगारे रस्त्याच्या मधोमध उभ्या होत्या. मे महिन्याचं ऊन डोक्यावर आलं होतं. डोळ्यांवर हात धरायला त्यांनी सवयीने उजवा हात उचलला, तो खांद्याशीच अडला, मग डावा धरला. शिडीवरच्या मंडपवाल्याने दोरी ओढली आणि जेल रोडवरच्या त्या कॉलनीच्या तोंडाशी फ्लेक्सवर माणसाहून मोठी तृप्ती हसत उभी राहिली. गळ्यात स्टेथोस्कोप, मागे एक किल्ला. तो जर्मनीतलाच आहे, असं छापणाऱ्याने शपथेवर सांगितलं होतं.

'जर्मनीत नाशिकचा झेंडा रोवणाऱ्या, आपल्या कॉलनीची शान, हेड सिस्टर तृप्ती दिनेश पगारे यांचा बुद्धपौर्णिमेनिमित्त जाहीर सत्कार.' खाली कोपऱ्यात छायाबाईंचाही फोटो होता. रेशनकार्डावरचाच, पण मोठा केल्यामुळे त्यात त्या जरा रागावल्यासारख्या दिसत होत्या.

'हेड' हा शब्द त्यांच्यामुळे आला होता. विहार मंडळाचे सेक्रेटरी नवनाथ सर, म्हणजे मागच्या गल्लीतले रिटायर मास्तर, विचारायला आले होते, "मावशी, पद काय टाकायचं?"

कॉलनीत लहानथोर सगळे छायाबाईंना मावशीच म्हणत.

"तिच्या हाताखाली दोन मावश्या आहेत," छायाबाई म्हणाल्या. "आता तुम्हीच बघा काय टाकायचं."

"मग हेडच झाली की."

सरांना अशा गोष्टी चटकन कळत. त्यांचा हर्षल कॅनडात 'सप्लाय चेन'मध्ये होता. कॉलनीतली चार-सहा मुलं आता बाहेर होती, आणि तिकडचं काम विमानातून उतरता उतरता टाय लावून येतं हे सगळ्यांनाच ठाऊक होतं. कोणी कोणाला फार खोदून विचारत नसे. पण छायाबाईंनी आपल्या पदरचं काही लावलं नव्हतं. दोन मावश्यांची गोष्ट खुद्द तृप्तीच्या तोंडची होती.

थंडीत एकदा फोनवर त्यांनी विचारलं होतं, "तुझ्याकडे मावश्या आहेत का गं?"

तृप्ती हसली होती. "आहेत ना, आजी. दोन आहेत. फार जीव लावतात मला. एक तर मी सुट्टीवर असले की नीट जेवतसुद्धा नाही."

फोन ठेवून छायाबाई सुनेला म्हणाल्या होत्या, "सविता, मी इतक्या सिस्टर पाहिल्या, पण एखादी रजेवर गेली म्हणून माझा घास काही अडला नाही. आपल्या पोरीने माणसं जोडली."

हे त्या अधिकाराने बोलत होत्या, कारण त्या स्वतः दवाखान्यातल्या मावशी होत्या. कागदावर आया, वॉर्डात मावशी. नवरा, जयराम, गेला तेव्हा मुलगा दिनेश दुसरीत होता. सायखेड्याहून शहरात आलेल्या, चौथी शिकलेल्या बाईला मोठ्या दवाखान्यात नोकरी मिळाली हीच तेव्हा नवलाई होती. वॉर्डाची उतरंड त्या पहिल्याच आठवड्यात शिकल्या. डॉक्टर लिहितात, सिस्टर टोचतात, मावशी पुसते. पेशंटच्या आंघोळी, चादरी, शौचाची भांडी, ओकाऱ्या, सगळं मावशीचं. काम करताना त्यांनी कधी नाक मुरडलं नाही. पण संध्याकाळी घरी आल्यावर आधी न्हाणीत जात, कोपरापर्यंत हात घासत, आणि मनाशी म्हणत, हे आपल्या घरात माझ्यापाशीच थांबलं पाहिजे.

दिनेश सातपूरच्या कंपनीत स्टोअरकीपर झाला, तेव्हा निम्मं थांबलं. तृप्ती बी.एस्सी. नर्सिंगला लागली, तेव्हा छायाबाईंनी अख्ख्या वॉर्डाला पेढे वाटले. आयाची नात सिस्टर होणार होती.

शिकत असताना तृप्तीची नेमणूक त्यांच्याच वॉर्डात आली. छायाबाईंच्या नोकरीचं ते शेवटचं वर्ष. वणीकडचे कोंडाजी नावाचे एक म्हातारे पाय मोडून पडले होते, त्यांनी भांडं मागितलं. छायाबाई दुसऱ्या टोकाला, तृप्ती जवळ. पोरीने खाटेखालून भांडं उचललं. ते बघून छायाबाई सगळा वॉर्ड ओलांडून पळत आल्या आणि तिच्या हातातून ते हिसकावून घेतलं.

"सोड. तुझा हात याला लागायचा नाही. त्यासाठी मी आहे."

"अवं, कोनीबी द्या," कोंडाजी कळवळून म्हणाले होते, "पन द्या लवकर."

सगळा वॉर्ड हसला होता. छायाबाईही हसल्या, पण भांडं सोडलं नाही.

*

तृप्तीला घरी येऊन दोन दिवस झाले होते. पोरगी अंगाने भरली होती, केस कापले होते, बाकी तशीच. सकाळी सगळ्यांच्या आधी उठून तिने आजीला विचारलं, "खांदा दाखव बघू. मागे हात जातो का? मी पाठ चोळून देऊ आंघोळीला?"

"ज्या दिवशी मला आंघोळ घालायची वेळ येईल, त्या दिवशी सांगीन," छायाबाई म्हणाल्या आणि न्हाणीघरात जाऊन खट्कन कडी लावली. सविताही महिनोन्‌महिने हेच विचारत होती आणि हीच कडी ऐकत होती. जन्मभर दुसऱ्यांना आंघोळ घातलेल्या बाईला, स्टुलावर बसून दुसऱ्याच्या हाती पाठ द्यायची म्हणजे काय, ते नीट माहीत होतं.

फ्लेक्स लागला त्या दिवशी संध्याकाळी समोरची भागीबाई चहाला आली. तीही त्याच दवाखान्यातली, छायाबाईंच्या बरोबरीची. निवृत्त झाली तरी तिच्या जिभेला पेन्शन लागली नव्हती. दिनेश नुकताच कंपनीतून आला होता. सविता कप भरत होती.

"तृप्ते," बशीत चहा ओतत भागीबाईने विचारलं, "तुज्या हाताखालच्या मावश्यांला साडी कोनच्या रंगाची हाय गं? आमाला निळी व्हती."

"कोणत्या मावश्या?"

"त्याच की. दोघी. एक म्हनं तू नाय दिसली तर जेवत नाय."

तृप्तीला ठसकाच लागला. "अहो आजी, त्या पेशंट आहेत. फ्राऊ वेबर आणि फ्राऊ लांगे. फ्राऊ म्हणजे बाई. आमचं म्हाताऱ्या माणसांचं शुश्रूषागृह आहे ना, तिथल्या. मी आपली मनात त्यांना मावशी म्हणते. हाताखाली कोण असणार माझ्या?"

सगळेच हसले, पण सगळ्यांच्या आधी छायाबाईंचं हसू थांबलं.

"मग पुसतं कोण?"

"मीच."

"आंघोळ?"

"मी. सकाळपाळीला एकामागून एक आंघोळीच असतात."

"आणि भांडं?"

तृप्तीने एकदा वडिलांकडे पाहिलं. "ते पण मीच देते, आजी. तिकडे वेगळी मावशी नसते."

भागीबाईने बशी खाली ठेवली. "म्हंजी इमानानं जाऊन मावशीच झाली की गं तू."

ती हे टोचायला बोलली नव्हती. म्हणूनच ते जास्त लागलं.

ती गेल्यावर दिनेश उठून उभा राहिला. "याच्यासाठी केलं का तुला बी.एस्सी.? ती जर्मन भाषा पहाटे उठून घोकत होतीस, ती याच्यासाठी? ती राखी बघ. तुझ्याच वर्गातली, तुझ्याच विमानाने गेली. सरळ सांगून परत आली, की मी डिग्री घेतलीय, मी असलं करणार नाही. आज इथे इन्चार्ज आहे. खुर्चीवर बसते."

"राखीला नाही जमलं, पप्पा. तिचं चुकलं असं मी म्हणत नाही. मीसुद्धा पहिला महिना संडासात जाऊन रडत होते."

"मग?"

"मग एक दिवस रडायचं राहून गेलं. काम फार होतं." तृप्ती कप गोळा करायला लागली. "इथे होते तेव्हा मी औषधं द्यायचे आणि फायली लिहायचे. घरी आल्यावर पेशंटचं तोंड आठवायचं नाही. तिकडे जिला इंजेक्शन देते तिची पाठही मीच धुते. पाठीवर काय उठलंय, ती कशाने गप्प झालीय, मला माहीत असतं. मला आवडतं ते. तुम्हाला कमीपणा वाटेल म्हणून बोलले नव्हते, एवढंच."

"बाहेर कोणाला बोलू नकोस," दिनेश म्हणाला आणि चप्पल घालून निघून गेला.

छायाबाईंच्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती. जे आपल्यापाशी थांबलं असं समजत होतो, ते थांबलंच नव्हतं. समुद्र ओलांडून नातीच्या हाताला जाऊन लागलं होतं.

*

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सत्कार. सकाळी विहाराच्या अंगणात खिरीची पातेली येऊन पडली. सविता बायकांबरोबर तिकडे गेली. छायाबाई तृप्तीजवळ येऊन बसल्या.

"आज स्टेजवर ते नको सांगूस."

"कोणी विचारलं तर?"

"कोण विचारतंय? भागीला मी गप्प राहायला सांगितलंय. शाल घालतील, हार घालतील, खीर वाटतील."

"फ्लेक्सवर हेड लिहिलंय, आजी."

"लिहिलंय ते लिहिलंय."

तृप्ती नखं बघत म्हणाली, "बरं. तू म्हणतेस तर नाही सांगत." लहानपणी ताप आला की कडू औषध ती असंच, एका घोटात घ्यायची. छायाबाईंना ते आठवलं.

दुपारी जेवणं झाली आणि तृप्तीचा फोन वाजला. व्हिडिओ होता. पडद्यावर एक गोरीपान, सुरकुतलेली म्हातारी, नाकाजवळ टॅब धरलेला, त्यामुळे निम्मं कपाळच दिसत होतं.

"फ्राऊ वेबर," तृप्ती हसत म्हणाली. "हिच्याकडे स्वतःचा टॅब आहे. पणतवंडांनी शिकवलंय, आता कोणालाही सोडत नाही."

दोघींचं काहीतरी बोलणं सुरू झालं. म्हातारी तक्रार सांगत होती, ते भाषा न कळताही कळत होतं. बदलीवर आलेल्या मुलीबद्दल असावं. छायाबाईंना राहवलं नाही, त्यांनी चष्मा पुसून तोंड पुढे घातलं. म्हातारीने टॅब आता लांब धरला होता. ती नुकतीच न्हाली होती. गळ्याशी बटणं नीट होती. पण केस...

"तृप्ती, हिच्या कानामागे ओलं राहिलंय. सर्दी होईल तिला. सांग."

तृप्तीने सांगितलं. म्हातारीने कानामागे बोट फिरवलं, बोटाकडे बघितलं आणि बोळकं उघडून हसली. मग छायाबाईंकडे बोट करून तिने काहीतरी विचारलं. वाक्यात एक शब्द ओळखीचा वाटला. श्वेस्टर. तृप्तीने 'या' असं काहीतरी म्हणून मान हलवली. म्हातारीनेही मान हलवली, जसं काही तिला वाटलंच होतं.

फोन संपल्यावर छायाबाईंनी विचारलं, "काय म्हणाली ती?"

"विचारत होती, तुझी आजी पण श्वेस्टर होती का. म्हणजे सिस्टर. नव्या लोकांनी आता दुसरा लांबलचक शब्द काढलाय, पण म्हाताऱ्या अजून श्वेस्टरच म्हणतात."

"आणि तू काय म्हणालीस?"

"हो म्हणाले."

"खोटं कशाला बोललीस? मी कुठे सिस्टर होते?"

"खोटं नाही, आजी. तिकडे आंघोळ घालते, भांडं देते, कूस बदलते, तिलाच श्वेस्टर म्हणतात. सुईसुद्धा तीच टोचते, पण तेवढ्याने कोणी श्वेस्टर होत नाही."

छायाबाई खिडकीपाशी जाऊन उभ्या राहिल्या. इतकी वर्षं त्यांनी 'ए मावशी' ऐकलं होतं. खाटेवरून, दारातून, ऑफिसातून. कोणी प्रेमाने, कोणी चुटकी वाजवून. कितीतरी माणसं त्यांच्या हातांनी न्हाऊन घरी गेली, आणि काही त्यांच्याच हातांनी शेवटची न्हाली. त्या कामाला कुठे दुसरं नाव असेल, हे त्यांच्या कधी मनातही आलं नव्हतं. खाली फ्लेक्स वाऱ्याने फडफडत होता. मागून अक्षरं उलटी दिसत होती.

*

विहाराच्या अंगणात खुर्च्या भरल्या. वंदना झाली, दोन भाषणं झाली. नवनाथ सरांनी माईक हातात घेतला की तो लवकर सुटत नसे. "आपल्या कॉलनीची लेक," ते म्हणाले, "आज परदेशात अधिकारी आहे. दोन मावश्या तिच्या हाताखाली राबतात." टाळ्या पडल्या. दिनेश पहिल्या रांगेत होता, त्यानेही वाजवल्या. तृप्तीच्या खांद्यावर शाल आली. तिने माईकवर जय भीम घातला, सगळ्यांचे आभार मानले, आणि शाल सावरत खाली बघत बसली. सत्काराला बसलेली मुलगी अशी बसत नाही. वर्गात चूक पकडली गेलेली बसते.

छायाबाई उठल्या. पायऱ्या चढून स्टेजवर गेल्या. सरांना वाटलं, आजीला आशीर्वाद द्यायचाय. त्यांनी माईक पुढे केला.

छायाबाईंनी माईक जन्मात कधी धरला नव्हता. तो त्यांनी थर्मामीटरसारखा दोन बोटांत धरला.

"सर, तुमच्या बोर्डात चूक आहे," त्या म्हणाल्या. "ती मीच सांगितली होती, म्हणून मीच दुरुस्त करते. तृप्तीच्या हाताखाली कोणी नाही. तिकडे सिस्टरचं काम ती करते आणि मावशीचं कामही तीच करते. सकाळी म्हाताऱ्या माणसांना आंघोळ घालते. भांडं देते. सगळं करते."

दिनेश आपल्या बुटांकडे बघत होता.

"मी आयुष्यभर तेच केलं. तुम्हाला माहीत आहे, पण मी कधी बोलले नाही. तुम्ही सगळे मला मावशी म्हणता. मला वाटायचं, दवाखान्याचं नाव आहे, चिकटलंय, आता निघायचं नाही. आज दुपारी बसून विचार केला. सिस्टर म्हणजे काय? बहीण. आणि मावशी कोण? आईची बहीण. म्हणजे नात्याने मी सिस्टरच्या वर निघाले."

कोणीतरी हसलं, मग सगळेच हसले. "मंग म्याबी निघाले," भागीबाई मागून ओरडली.

"तूही निघालीस. बस खाली." छायाबाईंनी हसू ओसरू दिलं. "माझी नात कमी कामाला गेली असं कोणाला वाटत असेल, तर त्याने तिच्या पेशंटचे केस बघावेत. आज ही तिथे नव्हती, तर म्हातारीचे कान ओले राहिले. एवढंच सांगायचं होतं."

त्यांनी माईक सरांना दिला आणि उतरल्या. उतरताना तृप्तीने हात पुढे केला, तो त्यांनी धरला.

खिरीच्या वेळी नवनाथ सर वाटी घेऊन जवळ आले. आजूबाजूला बघून हळू म्हणाले, "मावशी, आमचा हर्षल गोदामात खोकी लावतो."

"जड असतात का?"

"असतात म्हणे."

"मग सांगा त्याला, उचलताना कमरेत नाही, गुडघ्यात वाकायचं. पाठ गेली की गेली."

सरांनी मान हलवली आणि खीर संपेपर्यंत तिथेच उभे राहिले.

*

दुसऱ्या दिवशी छायाबाई दूध आणायला बाहेर पडल्या, तर फ्लेक्सवर 'हेड' या शब्दावर पांढरा कागद चिकटवलेला. वाकडा होता, कडेने खळ ओघळली होती. खाली त्यांच्याच घरातलं स्वयंपाकघरातलं स्टूल होतं, आणि दिनेश हाताची खळ रुमालाला पुसत होता. कंपनीची बस यायची वेळ झाली होती.

"वाकडं झालं का, आई?"

"चालेल," त्या म्हणाल्या. "वाचता येतंय."

स्टूल त्यांनी डाव्या हाताने उचलून घरी आणलं. स्वयंपाकघरात न ठेवता तसंच न्हाणीघरात नेलं. बादलीत गरम पाणी काढलं, त्यात गार घातलं, मनगटावर ओतून पाहिलं. टॉवेल खुंटीला टांगला. मग दार नुसतं लोटून घेतलं. कडीला हात लावला नाही.

स्टुलावर बसून, पाठ दाराकडे करून, त्यांनी वॉर्डातले पेशंट मारत तशी हाक मारली.

"सिस्टर."

बाहेर नळ सुरू झाला. तृप्ती हात धूत होती, कोपरापर्यंत.